अंगणातलं आभाळ : दिव्याला टोपी घाला

दिवाळीच्या सुट्यांत या सदराला पत्रं दुपटीनं येतात. पोरं घरी असतात, रात्री स्लॅबवर गाद्या पडतात आणि कुणाला तरी आठवतं की लहानपणी इथून आकाशगंगा दिसायची. यावेळच्या पत्रांत तक्रारीच जास्त आहेत आणि बहुतेकांचा आरोपी एकच आहे: खांबावरचा पांढरा दिवा. त्या खटल्यात मीही फिर्यादी आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं माझं गाव तालुक्याच्या ठिकाणाहून चार किलोमीटर. मास्तर म्हणून नोकरीला लागलो तेव्हा मधे नुसती वावरं होती. आता पाच ले-आऊट पडलेत. शेवटच्या ले-आऊटमध्ये घरं तीन आणि खांब एकेचाळीस. रात्रभर ते एकमेकांना उजेड दाखवत उभे असतात.

प्रश्न : माझं वय 66. लहानपणी कृत्तिकेच्या सहा चांदण्या सहज मोजायचो. आता तिथं धुरकट ठिपका दिसतो. दोष डोळ्यांचा की चौकातल्या हायमास्टचा? (निवृत्त ग्रामसेवक, वाशीम जिल्हा)

दोघांचाही. पण कुणाचा किती, हे घरच्या घरी ठरवता येतं. दिवा दिसेल अशा जागी उभे राहा, कृत्तिकेकडे पाहा आणि हात लांब करून तळव्यानं फक्त दिवा झाका. चांदण्या लगेच उठून दिसल्या, तर दिव्याचा उजेड तुमच्या डोळ्यांच्या आत पसरतोय. मोतीबिंदू तपासून घ्या. काहीच फरक पडला नाही, तर आभाळच उजळलेलं आहे, त्याला डॉक्टर काही करू शकत नाही.

वयाचा हिशेबही सांगतो. तरुणपणी अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, आपल्या वयात पाचवर आली तरी पुष्कळ. सातचं पाच म्हणजे किरकोळ वाटतं, पण आत जाणारा उजेड क्षेत्रफळावर ठरतो, आणि तो थेट निम्मा होतो. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला त्या हिवाळ्यात मला एक गंमत कळली. मृगातला राजन्य तारा उजव्या डोळ्यानं लख्ख निळा दिसायचा आणि डाव्यानं ताकासारखा. इतकी वर्षं मी पोरांना 'निळसर-पांढरा' शिकवत होतो ते पुस्तकातलं वाचून, पाहून नव्हे.

आता आभाळाचं. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी 2011 ते 2022 या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या हजारो नोंदी संशोधकांनी तपासल्या. आकाश वर्षाला सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास उजळत चाललंय असं त्यातून निघालं. त्या वेगानं, ज्या गावात पोर जन्मलं तेव्हा 250 तारे दिसत होते, तिथं ते अठराचं होईस्तोवर 100 उरतात. तेव्हा सगळं खापर वयावर फोडू नका.

आणि एक करून पाहा. गोठ्यामागं, घरामागं, जिथं एकही दिवा थेट डोळ्यांत येत नाही तिथं वीस-पंचवीस मिनिटं बसा, मोबाईल घरात ठेवून. मग कृत्तिकेवर सरळ नजर न रोखता थोडं बाजूला पाहा. डोळ्याच्या मधल्या भागापेक्षा कडेचा भाग मंद उजेड जास्त टिपतो. माझ्या अंगणात चार मोजता येतात, गोठ्यामागं सहा. अंतर पंधरा पावलं.

प्रश्न : घरासमोरच्या खांबावर ग्रामपंचायतीनं एलईडी लावला. तो अंगणात आणि थेट झोपायच्या खोलीत येतो. मुलगा सहावीत आहे, त्याला तारे ओळखायचे आहेत. पंचायतीत गेले तर म्हणाले, "लोक दिवा लावा म्हणून येतात, तुम्ही काढा म्हणून आल्या!" काय करू? (अंगणवाडी सेविका, बुलडाणा जिल्हा)

ताई, 'काढा' हा शब्द पुन्हा तोंडून जाऊ देऊ नका. मी तीच चूक केली होती. ग्रामसभेत उभा राहून प्रकाश-प्रदूषणावर दहा मिनिटं बोललो. मागून आवाज आला, "सर, आता रिटायर झाले, निजत जा ना जी लवकर!" अख्खी सभा हसली. हसणाऱ्यांत माझेच सहा विद्यार्थी होते.

काम झालं ते भाषणानं नाही, छत्रीनं. भाद्रपदात हरिपाठाहून सगळे परतत होते, भुरभुर चालू होती. सरपंचबाई आणि दोघीजणी माझ्या घरासमोरच्या खांबाजवळ आल्या. मी म्हटलं, "बाई, त्या खांबाच्या पलीकडं कोण आहे सांगा." त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "कोणी नाही." मी छत्री पुढं धरली, दिवा कापडाआड जाईल अशी, आणि त्यांना छत्रीमागं उभं केलं. खांबापलीकडच्या ओट्यावर आमचा शेजारी मांडी घालून पन्नीत खर्रा घोटत बसला होता. तो म्हणाला, "मी तं केव्हाचा पाहून राह्यलो तुमाले." सरपंचबाई दचकल्याच. "माय वं, याच्या जागी चोर असता तं?"

हे दाखवा, ताई. दिवा डोळ्यांत येतो तेव्हा बाहुली आकसते आणि त्याच्या मागचं सगळं काळं होतं. जो उजेड आडवा आणि वर जातो तो रस्त्याच्या काही कामाचा नाही, आणि त्याचं बिल पंचायतच भरते. म्हणजे तुमची मागणी उजेड कमी करण्याची नाहीच, तो रस्त्यावर पाडण्याची आहे. असं म्हटलं की माणसं हसत नाहीत.

प्रत्यक्षात मागायचं ते असं. आधी खांबाची दांडी पाहा. बहुतेक ठिकाणी सोडियमच्या जुन्या दिव्यासाठी वर तिरकी केलेली दांडी तशीच ठेवून तिच्यावर एलईडी बसवतात. सपाट तोंडाचा दिवा त्यामुळं समोरच्या घरांकडं आणि आभाळाकडं तोंड करून बसतो. लाईनमनला सांगून तो जमिनीशी समांतर करून घ्या. यालाच अर्धं यश समजा, आणि खर्च शून्य. मग टोपी. आमची पहिली टोपी तेलाच्या पंधरा किलोच्या पिप्याची होती. पत्र्याची दोन अंगं कापून काटकोनात वाकवली, घराकडची आणि मागची बाजू झाकेल अशी, रस्त्याकडची मोकळी. आतून काळा रंग दिला, नाहीतर पत्रा आरशासारखा उजेड परत फेकतो. दिव्याच्या पाठीवर ज्या पट्ट्या असतात त्या उष्णता बाहेर टाकायला असतात, त्यांच्यावर पत्रा येऊ देऊ नका, दिवा जळेल. आणि शिडी लावून स्वतः चढू नका. लाईन बंद करून लाईनमनकडूनच बसवून घ्या.

ती पहिली टोपी दोन रात्री टिकली. वारा आला की खडखड, खडखड, आणि ती ऐकून गल्लीतली कुत्री. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यानंच ती काढून आणून दिली, आणि वर सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे. बोल्टाखाली रबर टाकलं आणि खडखड थांबली. आज चार वर्षं झाली, तीच आहे.

फायदा किती झाला? खोटं सांगत नाही. आकाशगंगा परत आली नाही. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा जो मोठा चौकोन दिवाळीत संध्याकाळी डोक्यावर असतो, त्याच्या पोटात आधी एकही तारा दिसत नव्हता, आता दोन दिसतात. खऱ्या काळोखात तिथं दहाच्या वर दिसतात. दोनासाठी एवढी खटपट, असं बायको म्हणते. पण खिडकीतला उजेड गेला म्हणून आधी तिलाच झोप लागली.

पुढच्या वेळी पंचायत दिवे विकत घेईल तेव्हा एक कानावर घाला. खोक्यावर 6500 केल्विन लिहिलेला दिवा निळसर पांढरा असतो, 3000 किंवा त्याखालचा पिवळसर. निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. 450 नॅनोमीटरचा निळा, 600 नॅनोमीटरच्या नारिंगीपेक्षा तिपटीनं. दिवसा आभाळ निळं दिसतं ते त्याच कारणानं, आणि रात्री गावावर पांढुरकी झाकणी बसते तीही त्याचमुळं.

प्रश्न : हे तुमच्या विषयात बसतं का माहीत नाही. ले-आऊटला लागून माझं दीड एकर सोयाबीन आहे. दसऱ्यापर्यंत सगळं वाळलं, पण खांबाखालचा पट्टा हिरवागार. कृषी केंद्रवाला म्हणतो तिथं खत जास्त पडलं. (शेतकरी, दिग्रस तालुका)

भाऊ, अगदी बसतं. या महिन्यातलं सगळ्यात कामाचं पत्र तुमचंच आहे. खताचा पट्टा सरळ पडतो, पेरणीच्या तासानं. तुमचा हिरवा पट्टा गोलसर आहे का आणि त्याचं मधलं टोक खांबाच्या बुडाशी येतं का, ते पाहा. आलं तर गुन्हेगार दिवाच.

सोयाबीन हे लहान दिवसाचं पीक. दिवस लहान होत गेले, म्हणजे खरं तर रात्र लांबली, की त्याला कळतं: आता फुलं धरायची, शेंगा भरायच्या, पानं गाळायची. झाड रात्र मोजतं. खांबाचा उजेड पडला की त्याची रात्र तुटते आणि त्याला वाटतं अजून आषाढच चालू आहे. मग ते पानंच वाढवत बसतं. शेवंतीवाले हाच डाव मुद्दाम खेळतात. फुलं सणाच्या बेतानं मागं सारायची असली की रात्री प्लॉटमध्ये दिवे लावतात. तुमच्या वावरात तो डाव कुणी न विचारता खेळला.

सध्या तो पट्टा वेगळा सोंगा. हिरवं-वाळलेलं एकत्र थ्रेशरमध्ये घातलं तर ओलाव्यावरून अडत्या सगळ्याच ढिगाचा भाव पाडेल. पुढच्या साली त्या कोपऱ्यात तूरही लावू नका, तीही रात्र मोजणारीच. पऱ्हाटीला फारसा फरक पडत नाही. आणि दिव्याला टोपी मागायचा अर्ज कराल तेव्हा दोन फोटो जोडा, एक रात्री पडलेल्या उजेडाचा आणि एक दिवसा हिरव्या पट्ट्याचा, एकाच जागेवरून काढलेले. चांदण्यांसाठी मी चार वर्षं बोलतोय त्यापेक्षा तुमचे दोन फोटो जास्त बोलतील. त्यांची एक प्रत मलाही पाठवा.

प्रश्न : ऑनलाईन सेलमध्ये 675 पट मोठं दाखवणारी, 60 मिमी भिंगाची दुर्बीण घेतली. चंद्र दिसतो, बाकी पांढरा धूर. प्रकाश-प्रदूषणाचा फिल्टर मिळतो तो घेऊ का? (विद्यार्थी, आर्वी)

घेऊ नकोस. ते फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या काळातले. सोडियमचा उजेड बहुतांशी 589 नॅनोमीटरच्या आसपास एकाच पट्टीत असतो, तेवढी पट्टी अडवली की भागायचं. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्याच रंगांत पसरलेला. तो अडवायचा तर ताऱ्याचाही अडतो.

675 हा आकडा खोक्यावर छापण्यापुरता असतो. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये धर आणि दुप्पट कर: तुझी दुर्बीण 120 पटीपुढं काही नवीन दाखवणार नाही, नुसतं धुकं ताणेल. खोक्यात सगळ्यात मोठा आकडा लिहिलेलं नेत्रभिंग असेल, 20 किंवा 25 मिलिमीटरचं. तेच लाव. 4 चं आणि तिप्पट करणारी नळी ड्रॉवरमध्ये टाक. दुर्बिणीची मुख्य नळी 900 मिलिमीटरची असेल तर 20 च्या भिंगानं 45 पट मिळतात, आणि तेवढ्यात शनीचं कडं दिसतं. गुरूचे चार चंद्रही, रोज जागा बदलताना.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या चिडीचं मूळ तिथंच आहे. चंद्र, ग्रह, जोडतारे यांना गावाच्या उजेडाचा फारसा त्रास नाही. त्यांचा उजेड एका जागी गोळा असतो. देवयानी दीर्घिका किंवा तेजोमेघ यांचा उजेड पसरट. चुन्याच्या भिंतीवर दुधाचा थेंब शोधण्यासारखं ते. थेंब आहे, पण भिंत पांढरी आहे. माझ्याकडं सहा इंची आरशाची दुर्बीण आहे, तरी स्लॅबवरून देवयानी म्हणजे ओल्या बोटाचा डाग. म्हणून गावात असेस्तोवर ग्रह पाहा, जोडतारे पाहा. सप्तर्षीतले वसिष्ठ-अरुंधती आधी डोळ्यांनी वेगळे कर, मग दुर्बिणीतून एकट्या वसिष्ठाकडं बघ. तिथं काय दिसलं ते मला कळव, आधी सांगत नाही.

प्रश्न : पहाटे एका रेषेत पंचवीस-तीस दिवे सरकत गेले. गावात कुणी ड्रोन म्हणतं, कुणी शत्रूचं काही. (वरोरा तालुका)

इंटरनेट पुरवणारे स्टारलिंकचे उपग्रह. 2019 च्या मेपासून ते जथ्यानं सोडतात आणि सोडल्यावर काही दिवस ओळीनं फिरतात. खाली आपल्याकडं अंधार असतो, पण त्या उंचीवर ऊन पोचलेलं असतं म्हणून चमकतात. चंद्रपूरकरांनी बिचकणं मात्र मला समजतं. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ: आभाळात पेटत्या रेषा गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलं मोठं कडं येऊन पडलं. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष मानले गेले. तुमची आगगाडी तशी खाली येणारी नाही.

प्रश्न : अमावास्येला अमरावतीहून गाडीनं कुठं जावं, की खरा काळोख मिळेल? (एक दांपत्य)

पेंच. तिथल्या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. नुसती पाटी लावली नाही. आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले, आणि सिल्लारीच्या बाजूला वाघोड्याला आकाश पाहायची सोय केली. ते वाचलं त्या दिवशी मी पिप्याच्या टोपीकडं जरा आदरानं पाहिलं. जायच्या आधी वनखात्याकडं चौकशी करा. बाकी कुठल्याही जंगलात, मेळघाट असो की टिपेश्वर, रात्री आपल्या मनानं रस्त्याच्या कडेला गाडी लावून उतरू नका. वाघाला अमावास्या पौर्णिमेइतकीच चालते.

दिवस निवडाल तर पाऊस गेल्यावरचे. धूळ धुतली गेलेली असते. फेब्रुवारीनंतर पऱ्हाट्या पेटतात, पुढं मोहफुलांसाठी पाला जाळतात, आणि तो धूर मेपर्यंत क्षितिजावर बसून राहतो.

प्रश्न : तुमचं सदर वाचून राग येतो. आमच्या वस्तीवर खांब यायला किती अर्ज केले ते आम्हालाच माहीत. अंधारात साप चावून माणसं मरतात, रानडुकरं अंगावर येतात, आणि तुम्ही खुर्चीत बसून उजेडाला नावं ठेवता. (शेतकरी, कळंब तालुका)

राग बरोबर आहे, म्हणून पत्र जसंच्या तसं छापायला सांगितलं. वस्तीवर खांब हवाच. त्यात माझं दुमत नाही.

सापाचं एक सांगतो, युक्तिवाद म्हणून नाही, घडलेलं म्हणून. माझ्या चुलत भावाला घोणस चावली ती खांबापासून दहा पावलांवर. तो भगभगीत उजेडातून आला आणि धुऱ्याकडं वळला. डोळे उजेडाला सरावलेले, पुढचं पाऊल काळ्या पाण्यात टाकावं तसं पडलं. हातात बॅटरी होती, पण लावलेली नव्हती, कारण 'खांब आहे ना'. वाचला तो, पण पाय अजून हिवाळ्यात सुजतो. खांब नसता तर वाचला असता असं मी म्हणत नाही. तुमच्या वस्तीवर खांब येईल तेव्हा दिवा खाली तोंड करून लावून घ्या, आणि खांबापलीकडं जाताना बॅटरी पायांपुढं लावा, एवढंच.

राहिली खुर्ची. गेल्या जानेवारीत एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, चांदण्या पाहाच्या तं आमच्या वावरात या, रातची लाईन आहे." हरभऱ्याला पाणी चालू होतं. रात्रीचे दीड-दोन. पायात गमबूट, डोक्याला टापर, स्प्रिंकलरचं पाणी बर्फासारखं. मी वर पाहिलं आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. तिन्ही बाजूंनी क्षितिजापर्यंत तारे, मधाच्या पोळ्यासारखे. तो खाली मान घालून पाईपाची जोडणी सोडवत होता. म्हणाला, "सर, दक्षिणेले थो मोठा तारा आहे ना, थो तुरीच्या शेंड्याले टेकला का मी पाईप बदलतो. घड्याळ कशाले काढाचं थंडीत? पण लेकाचा दर पंधरा दिवसाले तासभर आधी येते."

तो तारा म्हणजे अगस्त्य, आभाळातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी. आपल्या भागात तो क्षितिजापासून सतरा अंशांवर कधी चढत नाही. तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, पंधरा दिवसांत त्याचा एक तास होतो. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवलं. हा पोरगा त्या तासाला मागच्या बाकावर झोपायचा. माझ्या स्लॅबवरून अगस्त्य नेमका शेवटच्या ले-आऊटच्या खांबांच्या ओळीत येतो, आणि नवख्याला तो बेचाळिसावा दिवा वाटतो.

विदर्भातलं सगळ्यात सुंदर आभाळ त्याच्या वाट्याला आहे, आणि तो म्हणतो, "सर, दिवसाची लाईन देत असतीन तं हे सगळं घेऊन जा." मी काय बोलणार? एक पाईप उचलून दिला. जड होता.

प्रश्न : बाबा म्हणतात मृग नक्षत्र 7 जूनला लागतं. आजोबा ते थंडीत रात्री आकाशात दाखवतात. खरं कोण? (इयत्ता सातवी, चिमूर)

दोघंही. बाबा सांगतात ते सूर्याचं. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, आणि 7-8 जूनला तो मृगाच्या घरात जातो. तो तिथं असला म्हणजे मृग दिवसा उगवून दिवसाच मावळतो, मग दिसणार कसा? सहा महिन्यांनी सूर्य आभाळाच्या पार दुसऱ्या बाजूला जातो आणि मृग दिवेलागणीनंतर उगवून रात्रभर दिसतो. आजोबांना खळ्यातला तिवडा, म्हणजे मधला खांब, विचार. त्याच्याभोवती फिरणाऱ्या बैलाला कडब्याची गंजी एकदा तिवड्याच्या मागं दिसते आणि अर्धा फेरा झाला की पाठीशी येते. आपण तो बैल, सूर्य तिवडा.

मृगाच्या मधले तीन तारे एका ओळीत असतात. माझी आई त्यांना तिकांडं म्हणायची. ते जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतात. डिसेंबरात जेवणाआधी पाहून ठेव, म्हणजे पूर्व कुठं हे शाळेत कुणाला विचारावं लागणार नाही. 13 आणि 14 डिसेंबरच्या रात्री जागलास तर मृगाच्या डाव्या हाताला, मिथुनेतून, उल्का पडताना दिसतील. अंगणातला बल्ब बंद करायला आईला सांग, आणि अर्धा तास आत-बाहेर करू नकोस.

आजोबांना सप्तर्षीची, म्हणजे म्हातारीच्या बाजेची आणि तीन चोरांची गोष्टही विचार. मात्र डिसेंबरात ती बाज मध्यरात्रीनंतर वर येते, संध्याकाळी पाहायची तर होळीपर्यंत थांबावं लागेल. त्यांच्या गोष्टीत चोर बाज नेतात का, ते लिहून पाठव. आमच्याकडच्या गोष्टीत म्हातारी जागी होते.